परदेश दौऱ्यातून काय आणायचे? काचघराचे फोटो की बियाण्याचा करारनामा?

कृषी विद्यापीठातले कुणी साहेब परदेशी जाऊन आले की पुढचा कार्यक्रम ठरलेला असतो. आल्या आल्या सत्कार, मग वर्तमानपत्रात फोटो, आणि पुढे एखाद्या शेतकरी मेळाव्यात पडद्यावर चित्रे. काचेच्या घरात छतापर्यंत चढलेले टोमॅटो, गाईची धार काढणारा यंत्रमानव, क्षितिजापर्यंत पसरलेली फुलांची शेते. बघायला छान वाटते, नाही असे नाही. मग मागच्या रांगेतून कुणी तरी विचारतो, "साहेब, ते झालं, पण आमच्या बोंडअळीचं काय?" तेवढ्यात जेवणाची घोषणा होते आणि मंडप रिकामा होतो.

यात थट्टेचा भाग सोडला तरी प्रश्न गंभीर आहे, कारण पैसा आपला आहे. २००६ ते २०१४ या काळात राष्ट्रीय कृषी नवोपक्रम प्रकल्प देशभर राबवला गेला. त्याला जागतिक बँकेचे २० कोटी डॉलरचे कर्ज होते आणि त्यातून शास्त्रज्ञांना प्रशिक्षणासाठी परदेशी पाठवण्यात आले. त्यानंतर राष्ट्रीय कृषी उच्च शिक्षण प्रकल्प आला. तो सुमारे ११०० कोटी रुपयांचा होता. निम्मे पैसे जागतिक बँकेचे आणि निम्मे भारत सरकारचे. आपल्या राज्यात त्यातून राहुरीला हवामानाला अनुकूल शेती व पाणी व्यवस्थापनाचे केंद्र उभे राहिले, तर परभणीला यंत्रमानव, ड्रोन वगैरे डिजिटल शेतीचे. प्राध्यापक आणि विद्यार्थ्यांचे परदेशी प्रशिक्षण हा या प्रकल्पाचाही भाग होता. बँकेचे कर्ज म्हटले की आपल्याला ते कुणी तरी फुकट दिल्यासारखे वाटते. गावच्या सोसायटीचे कर्ज आणि जागतिक बँकेचे कर्ज यात फरक एवढाच, की दुसऱ्याची नोटीस आपल्या दारावर चिकटत नाही. फेडायचे तेही आपल्यालाच आहे. तेव्हा दौऱ्यातून काय आले, हे विचारण्याचा हक्क शेतकऱ्याला आहे.

आता या दौऱ्यांच्या कागदांवर एक शब्द हमखास असतो. इनोव्हेशन मॅनेजमेंट, म्हणजे नवोपक्रम व्यवस्थापन. शब्द जड आहे, गोष्ट साधी आहे. एखादी नवी कल्पना, वाण किंवा अवजार निघाले, तर ते कुणी तपासायचे, कुणी वाढवायचे, शेतकऱ्यापर्यंत कुणी न्यायचे, त्यातून आलेला पैसा कुणाकुणात वाटायचा आणि फसले तर कुणी जबाबदारी घ्यायची, याची आधीपासून लावलेली व्यवस्था. आपल्याकडे कल्पना कमी नाहीत. एका टप्प्यावरून दुसऱ्या टप्प्यावर न्यायला माणूस नेमलेला नसतो, म्हणून त्या अर्ध्या वाटेत पडून राहतात. परदेशात पाहायचे असेल तर ही वाट पाहावी. यंत्रे काय, त्यांची चित्रे घरबसल्या मोबाइलवर दिसतात.

शेतीचा अभ्यासदौरा म्हटला की नेदरलँड्सचे, म्हणजे आपल्या बोलीत हॉलंडचे, नाव हमखास निघते, आणि तिथे गेले की वागेनिंगेनचे विद्यापीठ. देश महाराष्ट्राच्या सातव्या हिश्श्याहूनही लहान. तरी शेतमालाच्या निर्यातीत अनेक वर्षे अमेरिकेखालोखाल दुसरा मानला गेला. (या आकड्यात बाहेरून आणून पुन्हा बाहेर पाठवलेला मालही धरलेला असतो. ते मेळाव्यात कुणी सांगत नाही.) वागेनिंगेनला १८७६ मध्ये शेतीची शाळा निघाली, १९१८ मध्ये तिला उच्च शिक्षणाचा दर्जा मिळाला. विसाव्या शतकात तिथल्या शेतीचा गाडा संशोधन, शिक्षण आणि सल्ला या तीन चाकांवर चालला. तिन्ही चाके एका आसाला बांधलेली. शेतकऱ्याची अडचण सल्लागार प्रयोगशाळेत नेई आणि प्रयोगशाळेचे उत्तर तोच परत आणी. उत्तर आले नाही तर शेतकरी संघटना जाब विचारी, कारण अनेक पिकांत संशोधनासाठी शेतकऱ्यांच्या मालावर उपकर घेतला जाई. ज्याचा पैसा त्याचा प्रश्न आधी, असा तो व्यवहार.

तिथे सगळे सुखाने चालले असेही समजू नये. १९९० च्या सुमारास जर्मन गिऱ्हाइकाने हॉलंडच्या टोमॅटोला नाव ठेवले, पाण्याचा बॉम्ब. माल दिसायला लालबुंद, खायला बेचव. उत्पादन वाढवता वाढवता चव कुठे गेली ते कुणी पाहिले नव्हते. विक्री घसरली तेव्हा बागायतदार, बियाणेवाले आणि संशोधक यांना वाणच बदलावे लागले. घडाने विकायचे टोमॅटो, लहान गोड टोमॅटो, असे नवे प्रकार पुढे आले. आपल्या शास्त्रज्ञांनी तिथे बसून विचारायचा प्रश्न हा, की गिऱ्हाइकाची तक्रार वाण तयार करणाऱ्याच्या टेबलावर कशी पोचली? कुणी पोचवली? आपल्याकडे नाशिकचा कांदा किंवा सोलापूरचे डाळिंब परदेशातून परत आले, तर ती बातमी व्यापाऱ्याला कळते, शेतकऱ्याला भावातून कळते, आणि विद्यापीठाला ती वर्तमानपत्रात वाचावी लागते.

आणि त्या काचघरांचेही गुपित ऐकून ठेवा. ती काचेइतकीच गॅसवर उभी आहेत. २०२२ मध्ये युरोपात गॅस महागला तेव्हा अनेकांनी घरे गरम करणे कमी केले, काहींनी लागवडच लांबवली. आपल्याकडे ऊन फुकट आहे, तर आपण ते अडवायला अनुदान मागतो. असो.

खरी बघण्यासारखी गोष्ट हॉलंडात काचेखाली नाही, बटाट्याच्या उघड्या शेतात आहे. बिंत्ये नावाचा बटाटा शंभर वर्षांहून अधिक काळ युरोपात लावला जात आहे. तो कुठल्या प्रयोगशाळेत निघाला नाही. फ्रीसलँड प्रांतातल्या सुआमेर गावचे शाळामास्तर कोर्नेलिस दे व्रीस यांनी तो विसाव्या शतकाच्या सुरुवातीला काढला, आणि १९१० मध्ये तो बाजारात आला. मास्तर आपल्या नव्या वाणांना विद्यार्थ्यांची नावे देत. बिंत्ये ही त्यांच्या वर्गातली मुलगी. त्या वेळी वाणावर हक्क सांगणारा कायदा नव्हता. बटाटा युरोपभर गेला, आणि एवढ्या लागवडीवर मास्तरांचा काही हक्क लागला नाही.

पण हॉलंडकरांनी त्यातून धडा घेतला. १९३८ मध्ये बटाट्याच्या नव्या वाणांना उत्तेजन देण्यासाठी एक समिती नेमली, १९४१ मध्ये वाण तयार करणाऱ्याचा हक्क कायद्यात आणला. त्यातून जी रीत पडली ती आजही चालू आहे. संस्था किंवा कंपनी संकर करते आणि त्याची रोपे वा पहिल्या वर्षाचे छोटे कंद निवडक शेतकऱ्यांना देते. शेतकरी ते आपल्या शेतात लावतो, दोन-तीन वर्षे डोळ्याखाली ठेवतो, वाईट उपटून टाकतो, बरे ठेवतो. त्यातले निवडक कंपनीकडे जातात. पुढे आणखी काही वर्षे चाचण्या चालतात. एकूण दहाएक वर्षांचे काम. हजारो रोपांतून एखादे टिकते. पण ते टिकले आणि वाण म्हणून नोंदले गेले, तर बियाण्याच्या विक्रीवरचा हक्काचा पैसा कंपनी आणि शेतकरी यांच्यात करारात ठरल्याप्रमाणे वाटला जातो. हे वाटप कंद शेतकऱ्याच्या हाती पडण्याआधीच कागदावर ठरलेले असते. तिथल्या बटाट्याच्या वाणांत असा शेतकऱ्यांच्या शेतात निवडलेल्या वाणांचा वाटा मोठा आहे. शेतकऱ्याची नजर आणि शास्त्रज्ञाची विद्या यांची ही भागीदारी आहे, आणि भागीदारीला करारनामा आहे. इनोव्हेशन मॅनेजमेंट म्हणतात ते हेच.

आता आपल्या घरी या. चंद्रपूर जिल्ह्यात नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे. शिक्षण तिसरीपर्यंत, जमीन दीड एकर. १९८० नंतरच्या काळात त्यांना पटेल-३ या धानाच्या शेतात काही वेगळ्या लोंब्या दिसल्या. दाणा बारीक, रंग निराळा. त्यांनी त्या वेगळ्या काढल्या, वर्षानुवर्षे लावल्या, निवडल्या. बारीक, चवीचा, चांगला उतारा देणारा तांदूळ तयार झाला. त्या काळी मनगटावर असलेल्या घड्याळाच्या नावावरून त्याला एचएमटी नाव पडले आणि विदर्भच काय, शेजारच्या राज्यांतही तो पसरला. १९९४ मध्ये अकोल्याच्या कृषी विद्यापीठाने त्यांच्याकडून बियाणे नेले आणि १९९८ मध्ये पीकेव्ही-एचएमटी या नावाने वाण प्रसारित केला. विद्यापीठाचे म्हणणे, मूळ बियाण्यातून शास्त्रीय पद्धतीने शुद्ध निवड करून आम्ही वाण सुधारला. खोब्रागडेंचे म्हणणे, बियाणे माझे, श्रेय मात्र मला नाही. पुढे त्यांना राष्ट्रपती डॉ. कलामांच्या हस्ते पुरस्कार मिळाला, २०१० मध्ये फोर्ब्स मासिकाने दखल घेतली. पुरस्कारांनी पोट भरत नाही हे त्यांचे शेवटचे दिवस पाहिलेल्यांना माहीत आहे. आजारपणात मदतीसाठी हाक द्यावी लागली आणि जून २०१८ मध्ये ते गेले.

या प्रकरणात कोण बरोबर आणि कोण चूक, याची चर्चा पुष्कळ झाली. आमच्या मते मुख्य उणीव त्याहून साधी होती. १९९४ साली बियाण्याची पिशवी शेतकऱ्याच्या घरातून विद्यापीठात गेली तेव्हा दोघांना बांधील असा एक पानी करार जरी असता, बियाणे कुणाचे, प्रयोग कशासाठी, वाण निघाला तर नाव कुणाचे आणि वाटा किती, तर पुढचे भांडणच उभे राहिले नसते. बी नेणारा शास्त्रज्ञ वाईट होता असे नव्हे. असा कागद करायचा असतो हे त्याला कुणी शिकवलेलेच नव्हते आणि विद्यापीठात असा कागद ठेवायला खातेही नव्हते.

द्राक्षाचीही कथा फार वेगळी नाही. तासगाव भागातल्या वसंतराव आर्वे यांनी थॉम्पसनच्या बागेत वेगळी काडी हेरली आणि तास-ए-गणेश आला. सोलापूरजवळच्या नान्नजच्या नानासाहेब काळे यांनी सोनाका दिला. काडी या गावातून त्या गावात, या बागेतून त्या बागेत गेली. त्यातून हजारो बागायतदारांची घरे उभी राहिली, ही आनंदाची गोष्ट. फरक इतका, की द्राक्षवाल्यांनी स्वतःचा संघ काढला, स्वतःच्या पैशाने संशोधनाची सोय केली. उसात सहकारी कारखान्यांनी १९७५ मध्ये मांजरीची संस्था उभी केली. ज्या पिकाचा पैसा संघटित आहे त्या पिकाला हॉलंडसारखी व्यवस्था थोडीफार जमली. धान, ज्वारी, तूर, करडई लावणाऱ्याला नाही. म्हणून कोरडवाहू पिकांच्या शास्त्रज्ञांनी तरी परदेशातून हीच गोष्ट प्रथम शिकून यावी, असे आमचे मत आहे.

मात्र तिथले सगळेच आणू नये. १९९० पासून हॉलंड सरकारने शेती सल्ल्याचे खाते हळूहळू खासगी केले. आज तिथला शेतकरी सल्ल्याचे पैसे मोजतो. त्याला ते परवडते. महाराष्ट्रात २०१५-१६ च्या गणनेप्रमाणे सरासरी जमीनधारणा १.३४ हेक्टर, म्हणजे सव्वातीन एकराच्या आसपास आहे, आणि त्यात कोरडवाहू किती हे सांगायला नको. त्याने सल्ल्याची पावती कशी फाडायची? आपला कृषी सहायक, ज्याचे नाव आता सहायक कृषी अधिकारी झाले आहे, त्याच्याकडे गावे जास्त आणि पेट्रोल कमी, हे खरे. तरी तो आहे. त्याला काढून खासगी सल्लागार आणायची शिफारस कुणी दौऱ्याच्या अहवालात लिहिली, तर ती तिथेच अडवली पाहिजे. दुसरी गोष्ट. तिथे अलीकडे संशोधनाच्या खर्चात कंपन्यांना मोठा वाटा उचलायला लावतात. ज्याचा पैसा त्याचा प्रश्न आधी, हा नियम तिथेही लागू होतो. शेतकऱ्यांचा उपकर गोळा करणारी पीकनिहाय मंडळे २०१५ मध्ये बंद झाली, आणि आता प्रश्न ठरवताना कंपनीचा आवाज मोठा ऐकू येतो, अशी टीका त्याच देशात होते. २०१९ मध्ये हेग शहरात ट्रॅक्टर घेऊन आलेले शेतकरी काही सुखी माणसाचा सदरा घालून आले नव्हते. त्यांची तक्रार वेगळी, नायट्रोजनच्या बंधनांची होती. पण आपले म्हणणे धोरण ठरवणाऱ्यांपर्यंत पोचत नाही, ही भावना आपल्याला ओळखीची वाटेल.

आता परत आलेल्या शास्त्रज्ञाचे काय होते ते बघू. तो नवे काही शिकून येतो, दोन महिने उत्साहात असतो. अहवाल इंग्रजीत लिहून देतो. अहवाल फायलीला लागतो. विद्यापीठांत जागा रिक्त, म्हणून एका माणसाकडे तीन टेबले. परीक्षा, प्रवेश, बांधकामाची बिले, मंत्र्यांचा दौरा. ज्या विषयासाठी पाठवले त्या विषयावर तो राहीलच याची खात्री नाही, बदली झाली की शिकलेले तिथेच संपते. दौरा पदोन्नतीच्या कागदावर एक ओळ म्हणून मात्र पक्का राहतो. यात त्या माणसाचा दोष थोडा आणि व्यवस्थेचा जास्त. नवोपक्रमाचे व्यवस्थापन शिकायला माणूस पाठवायचा आणि त्या माणसाचेच व्यवस्थापन करायचे नाही, हा विनोद आपणच करू जाणे!

बरे, कायदा नाही असेही आता म्हणता येत नाही. वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायदा २००१ मध्ये झाला. शेतकऱ्याने स्वतः निवडलेला, जपलेला वाण त्याच्या नावावर नोंदता येतो. पिकांच्या वाणाला १५ वर्षे आणि झाडे व वेलींना १८ वर्षे संरक्षण मिळते. शेतकऱ्याच्या वाणाला नोंदणी शुल्क नाही. बियाणे राखणे, पेरणे, देणेघेणे आणि ब्रँडचे लेबल न लावता विकणे हा हक्कही शाबूत आहे. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने २००६ मध्ये बौद्धिक संपदा व तंत्रज्ञान हस्तांतराचे नियम केले, २०११ मध्ये व्यवहारासाठी स्वतंत्र कंपनीही काढली. तेव्हा चौकट आहे. चौकटीत दार बसवायचे राहिले आहे.

मग करायचे काय? आमच्या जिल्ह्यातल्या जाणत्या शेतकऱ्यांशी बोलून दोन-तीन गोष्टी पुढे येतात. परदेशी जाणाऱ्याने जाण्याआधी एखाद्या कृषी विज्ञान केंद्रावर शेतकऱ्यांसमोर बसून त्यांचा एक प्रश्न सोबत न्यावा आणि परत आल्यावर त्याच लोकांना मराठीत उत्तर द्यावे, उत्तर मिळाले नसेल तर तेही सांगावे. चारही कृषी विद्यापीठांची दरवर्षी संयुक्त संशोधन समितीची बैठक होते. तिथे नव्या वाणांना आणि शिफारशींना मंजुरी मिळते. त्याच बैठकीत दौऱ्यांचा हिशेबही मांडावा. कोण गेले, काय शिकले आणि आता कोणत्या कामावर आहेत. आणि शेतकऱ्याच्या घरातून बियाणे, काडी, कंद काहीही न्यायचे असेल तर दोन्ही बाजूंच्या सह्यांचा मराठी कागद आधी व्हावा. त्याला परदेशी जायचीही गरज नाही, पण परदेशी जाऊन आल्यावर तो करायची बुद्धी होणार असेल तर अवश्य जावे.

गावपातळीवर एक काम आजच होण्यासारखे आहे, आणि ते सरपंच व ग्रामपंचायत अधिकाऱ्यांचे आहे. शेतकऱ्याच्या वाणाच्या नोंदणी अर्जासोबत एक दाखला जोडावा लागतो. हा वाण या शेतकऱ्याचा आहे, असा. तो दाखला गावच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष किंवा सचिव देऊ शकतात. जिल्ह्याचे कृषी अधिकारी किंवा विद्यापीठाचे संशोधन संचालकही देऊ शकतात, पण दादाजींसारख्या माणसाला ग्रामपंचायत जवळची. २००२ च्या कायद्याप्रमाणे ही समिती ग्रामपंचायतीत असायलाच हवी, कागदावर बहुतेक ठिकाणी आहेही. लोकजैवविविधता नोंदवही नावाचे एक बाडही तयार झालेले असेल. ते कुठल्या कपाटात आहे, समितीचा शिक्का कुणाकडे आहे आणि आपल्या गावात जुने धान, ज्वारी, वाल, घेवडा अजून कोण राखून आहे, एवढे तीन प्रश्न येत्या ग्रामसभेत विचारून पाहा.